सात नंबरचा चिखल

बुलढाण्यात माझी नोकरी कुणाला समजावून सांगायची वेळ आली की माझ्या कपाळाला आठी पडते. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत, तायडेसाहेब. पहिल्याच ओळखीत त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या खात्यात होते?"

म्हटलं, "समुद्राच्या तळाची वाळू-माती काढून तपासायचो."

ते चालता चालता थांबले. मागेपुढे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "म्हणजे रेतीचं काम काय?"

आमच्या जिल्ह्यात नदीकाठी 'रेतीचं काम' कशाला म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तीनदा खुलासा केला. तेही तीनदा समजूतदारपणे हसले. त्यांच्या लेखी मी अजूनही एक मुरलेला, पण पकडला न गेलेला माणूस आहे.

त्याच्याही आधी, लग्न ठरताना, जळगाव जामोदच्या आमच्या सासऱ्यांनी मध्यस्थाला सांगितलं होतं, "पोरगा माती तपासते म्हणजे कृषी खात्यात असन. चांगलं आहे." पुढची कित्येक वर्षं ते दर उन्हाळ्यात आपल्या वावराची माती पुडीत बांधून माझ्यापुढं ठेवत. मीही एकदा कंटाळून सांगून टाकलं, "तूर लावा." तूर उत्तम आली. मग तर विचारायलाच नको.

आणि आता या अंकाच्या संपादकांचा फोन. "इंगळेसाहेब, समुद्रावरचे थरारक अनुभव येऊ द्या. वादळ, देवमासा, असं काही." मी इतकी वर्षं होडीत काढली, देवमासा एकदाही पाहिला नाही. चिखल पाहिला. तोच लिहितो. संपादकांना छापायचा तर छापतील.

मी मूळचा वरवट बकालचा. आमचा सगळा भाग खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही. नोकरी लागून पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा बाकीचे नवे लोक लाटा पाहत होते. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो. आमच्या विहिरीची मोठी बहीण, एवढंच मनात आलं. संस्था खाजगी, पण कामं बहुतेक सरकारी. समुद्रात किंवा खाडीत काही बांधायचं असलं की आधी आम्ही जायचं, तळ कसा आहे ते मोजायचं, आणि बांधून झाल्यावर पुन्हा जाऊन काय बदललं ते मोजायचं.

मोजायचं म्हणजे काय, तर अगदी साधं. लोखंडाचा एक जबडा असतो, त्याला आम्ही ग्रॅब म्हणायचो. तो दोरीनं तळाशी सोडायचा. तळाला टेकला की जबडा मिटतो आणि जे हाती लागेल ते घेऊन वर येतो. वाळू, शिंपले, चिखल, एकदा कुणाची तरी चप्पल. ते पिशवीत भरायचं, चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत धुऊन, वाळवून, एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून चाळायचं आणि कोणत्या जाडीचे किती कण आहेत ते लिहायचं. पण खरं सांगू का, एवढं सगळं करायच्या आधीच आम्हाला उत्तर माहीत असायचं. चिमूटभर चिखल पुढच्या दातांत धरायचा. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखा सरकला तर चिकणमाती. नवे इंजिनियर हे पाहून तोंड वाकडं करायचे. मग चाळण्यांचं उत्तर आठवड्यानं यायचं आणि ते दातांशी जुळायचं. तेव्हा मी त्यांच्याकडे नुसता नीट बघत असे.

रायगडच्या दक्षिणेला एक खाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. खाडीच्या वरच्या अंगाला भाताची शेतं, भरतीचं खारं पाणी त्यांत शिरायचं. म्हणून खाडीवर आडवा बांध घालायचा ठरला. आत मातीचा, बाहेरून दगडांचा, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला झडपांची दारं. तिकडं त्याला उघाडी म्हणतात. हेतू वाईट नव्हता. खाऱ्या पाण्यानं जमीन मरते म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण खाडी म्हणजे नळी नव्हे. भरतीला गढूळ पाणी आत येतं आणि ओहोटीला तेच पाणी जोरात बाहेर पडतं. त्या बाहेर पडण्याच्या जोरावर खाडी आपला तळ स्वतःच धुऊन काढते. वरच्या अंगाला बांध घातला की आत जाणारं पाणी निम्म्यावर येतं. जेवढं आत जाईल तेवढंच बाहेर येणार. ओहोटीचा जोर गेला की आणलेला गाळ परत न्यायला कुणी उरत नाही. तो जागेवर बसतो. बांधाच्या पायथ्याशी मात्र उलटं. तिथं लाटा दगडावर आपटतात, मागं फिरताना पायथ्याची वाळू ओढतात आणि खड्डा पाडतात. म्हणजे जिथं भर नको तिथं भर आणि जिथं ती हवी तिथं खड्डा. एवढी साधी गोष्ट. ही सांगण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, ती एका वाक्यात समजली. दिवाळीला घरी गेलो होतो. ओट्यावर बसून मी हात हलवून हलवून समजावत होतो. तो तंबाखू मळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पाणी हळू झालं का गाळ बसते, एवढंच ना? हे तर आपल्या नाल्यावरच्या बंधाऱ्यात दरसाल पाह्यतो म्या."

"हो, एवढंच."

"मंग तुह्या साहेबाले हे समजाले इतके दिवस काऊन लागून राह्यले बे?"



साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. हुशार माणूस, इंग्रजी उत्तम, बूट कायम चकचकीत. होडीत बसलेलं मी त्यांना पाहिलं ते फक्त फोटोपुरतं. बांधाच्या आधीची पाहणी आम्ही थंडीत केली. समुद्र तेव्हा शांत असतो, वाळू किनाऱ्याकडे परतलेली असते, सगळं गोजिरवाणं दिसतं. मी म्हटलं, "साहेब, पावसाळ्यातलेही नमुने हवेत. तळ खरा हलतो तो पावसाळ्यात. नाहीतर माणसाचं वजन आपण तो उपाशी असतानाच केल्यासारखं होईल."

"इंगळे, वेळ नाही. आणि आपण बांध बांधतोय, समुद्र बदलत नाही आहोत."

मी अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली: पावसाळ्यातील नमुने घेतलेले नाहीत. टंकून, बांधून अहवाल परत आला तेव्हा ती ओळ गायब होती. 'तळावर लक्षणीय परिणाम संभवत नाही' हे वाक्य मात्र ठळक होतं. खाली सह्यांचे चौकोन. त्यांतला एक माझा. मी दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली. कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. नुसतं शिपायानं विचारलं, "साहेब थांबलेत, झालं का?" आणि मी पेन उघडलं.

बांध झाला. मग आम्ही दर सहा महिन्यांनी मोजायला जाऊ लागलो.

आमची होडी महादू तांडेलाची असायची. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. महादू बोलायला तिखट, पण माझ्याशी सरळ. आणि खाडीत रोज भेटायची ती शेवंताबाई. ओहोटी लागली की गावातल्या बायका खाडीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर जायच्या आणि वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करायच्या. शेवंताबाई त्यांची पुढारी. पन्नाशीची, काटक, कासोटा घातलेली, कमरेला टोपली. पहिल्या पाहणीच्या वेळी मी दोन तास कागदावरचा नकाशा फिरवत बसलो होतो तेव्हा तिनंच लांबून हात करून सांगितलं होतं, "सायब, वाळू इकडं हाय. तिकडं दगड लागंल, तुमचा जबडा मोडंल." तसंच झालं. जबडा मोडला. त्यानंतर मी तिचं ऐकत गेलो.

तिच्या वाळूच्या पट्ट्याच्या टोकाला, बायकांच्या नेहमीच्या वाटेपासून बाजूला, आमची नमुन्याची एक जागा होती. सात नंबर. बांधाच्या आधी तिथं ग्रॅब टाकला की स्वच्छ, करकरीत, शिंपल्यांच्या तुकड्यांची वाळू यायची. हातात घ्यावीशी वाटायची.

बांधानंतरच्या पहिल्या वर्षी वाळूवर करंगळीच्या नखाएवढा करडा थर दिसला. दुसऱ्या वर्षी वीतभर. त्यानंतर ग्रॅब वर आला तो नुसता भरलेला, चकचकीत, दह्यासारखा हलणारा चिखल. दातांत धरला. लोणी. वाळूचा कणसुद्धा नाही.

आता लाज वाटते, पण तेव्हा मला आनंद झाला. इतकी सुंदर नोंद मी कधी केली नव्हती. वाळूची रेघ खाली येतेय, चिखलाची वर जातेय, आणि दोन्ही मी म्हटलं तशाच. साहेबांनी तो आलेख एका परिषदेत दाखवला. टाळ्या पडल्या म्हणे. बांध ज्यांनी बांधला त्या खात्याला अहवाल गेला. तिथून पोच आली. पोच म्हणजे कागद मिळाला एवढंच. पुढं काही नाही. मी दोनदा आठवण पाठवली. दुसऱ्या वेळी उत्तर आलं की सदर प्रकरण संबंधित शाखेकडं वर्ग केलं आहे. संबंधित शाखा कुठली, हे त्या पत्रात नव्हतं.

शेवंताबाई मात्र दर फेरीला विचारायची. "सायब, तिसऱ्या कमी झाल्या वो. कशानं?"

"अहवाल पाठवलाय, बाई."

"कुनाला?"

"वर."

"वर कोन तिसऱ्या काढतो?" ती हसायची. महादू हसायचा. मीही हसायचो आणि पिशव्यांना चिठ्ठ्या लावायचो. त्या चिठ्ठ्यांवर जे लिहीत होतो ते तिला वाचून दाखवावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं तर आलं होतं. पण आमच्या करारात एक कलम होतं, माहिती गोपनीय. कलम मला पाठ होतं.

तो दिवस पावसाळ्यानंतरचा. सकाळी दहाचा सुमार, स्वच्छ ऊन. आम्ही सहा नंबरला नमुना घेत होतो, महादू वल्ह्यावर आणि मी दोरीवर. ओहोटी संपून पाणी वळायच्या बेतात होतं. बायका नेहमीच्या वाटेनं वाळूच्या पट्ट्याकडं निघाल्या होत्या. त्या पावसाळ्यात महिनाभर खाडीत कुणी उतरलं नव्हतं. ओहोटीचा वेळ थोडा राहिला म्हणून शेवंताबाईनं अर्ध्यातून ती सोडून जवळची वाट घेतली. सात नंबरवरून.

किंचाळी आली तेव्हा मी आधी महादूकडं पाहिलं. तो उभाच राहिला होता.

ती मांडीपर्यंत आत गेली होती. मागच्या दोघी थबकून उलट पळाल्या आणि काठावरून ओरडत होत्या. ती पाय उपसायला बघत होती. एक उचलला की दुसरा आणखी आत. ताज्या चिखलाला बूड नसतं. त्यात हवा जायला जागा नाही, पाय वर ओढला की तो खालून चोखून धरतो. हे सगळं मला माहीत होतं. त्या चिखलात पाणी किती आणि कण किती, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

महादू ओरडला, "शेवंते, हलू नको! पाठीवर पड!"

आणि माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच नंतर कळलं. इतकी वर्षं कचेरीत पुण्याच्या लोकांत राहून मी माझी बोली घडी घालून ठेवली होती. मी ओरडत होतो, "हालू नका बाई, हालू नका! म्या येऊन राह्यलो! तिथंच राहा, म्या येऊन राह्यलो!"

होडी चिखलाच्या कडेपर्यंत गेली आणि रुतली. महादूनं होडीच्या तळाच्या फळ्या उचकटल्या. मी त्याच्यापेक्षा हलका, म्हणून ग्रॅबची दोरी माझ्या कमरेला बांधली. फळी पुढं टाकायची, तिच्यावर पोटावर सरपटायचं, मागची फळी ओढून पुढं टाकायची. पंधरा पावलांचं अंतर. संपता संपत नव्हतं. मी पोहचलो तेव्हा ती अर्धवट पाठीवर टेकली होती, ओठ पांढरे पडले होते आणि डोळे माझ्या मागं समुद्राकडं. मी वळून पाहिलं. भरतीचं पाणी चिखलावरून येत होतं, पातळ, बिनआवाजी, चादर ओढल्यासारखं.

मी हातानं चिखल उकरू लागलो. उकरला तेवढा परत भरत होता. महादू मागून ओरडला, "उकरू नका सायब! पाणी घाला, पाणी!" नमुने धुवायला आमच्याकडं एक हातपंप होता. त्याची नळी त्यानं माझ्याकडं फेकली आणि होडीतून पंप मारायला लागला. मी नळीचं तोंड तिच्या मांडीलगत खाली खोल खुपसलं. चिखलात पाणी शिरलं की त्याची पकड सुटते, हे महादूला बापजाद्यांकडून माहीत होतं आणि मला पुस्तकातून. आयत्या वेळी त्याला आठवलं, मला नाही.

उजवा पाय निघाला. डावा निघेना. पाणी तिच्या छातीवर आलं, मग गळ्याशी. मी एका हातानं तिचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्यानं नळी.  तिच्या नाकातून श्वासाचा आवाज येत होता. मग पाण्यानंच काम केलं. भरतीनं ती थोडी उचलली गेली, मी नळी आणखी खाली रेटली आणि तिनं एक हुंकार देऊन पाय ओढला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. महादूनं दोरी ओढली आणि आम्ही दोघं फळीसकट होडीला जाऊन आपटलो.

होडीत ती आडवी पडून होती. महादूनं शिडाचं कापड तिच्यावर टाकलं.  मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"सायब, हितं चिखल झालाय, ते तुमाला ठाव होतं?"

महादूनं वल्हं थांबवलं.

"हो," मी म्हणालो.

"कदीपासनं?"

"दोन वर्षं."

तिनं ओला पदर तोंडावर ओढला आणि कूस बदलली. महादू पुन्हा वल्हवायला लागला. काठ येईपर्यंत त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात गुडघ्याला पट्टी झाली, पुढं शस्त्रक्रियाही झाली. पण पाय सरळ झाला नाही. खाडीत उतरणं संपलं.

दुसऱ्या दिवशी मी गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका सातपुतेबाई, तरुण होत्या. त्यांना म्हटलं, मला एक भिंत हवी आहे. त्यांनी का विचारलं नाही. गावाला सगळं कळलंच होतं. व्हरांड्याच्या बाहेरच्या भिंतीवर मी खाडीचा नकाशा काढला. कुठं वाळू उरली आहे तिथं पिवळा रंग, कुठं चिखल झाला आहे तिथं लाल. बांधाच्या पायथ्याशी जिथं खड्डा पडला होता तिथं काळा, कारण पोरं तिथून उड्या मारायची. बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "ह्ये आदी का नाय काढलात?" मी लाल रंग ढवळत राहिलो.

महिन्याभरात संस्थेचं पत्र आलं: गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल कारणे दाखवा. साहेबांनी समोर बसवून घेतलं.

"इंगळे, तुम्ही भावनेच्या भरात वागलात."

"साहेब, चिखलात माणूस बुडत होता."

"ते दुर्दैवी आहे. पण नकाशा तुमचा नाही, संस्थेचा आहे."

"मग संस्थेनं काढावा की भिंतीवर. मी रंग आणून देतो."

त्या काळात मी असं कुणाशी बोलत नसे. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी लेखी उत्तर दिलं, चार पानांचं. त्यात पहिल्या अहवालातून गाळलेल्या ओळीचाही उल्लेख केला आणि खाली लिहिलं की ती ओळ नसतानाही सही मी केली, तेव्हा चूक माझीही आहे. बहुधा ते चौथं पान कुणाला फाइलीत नको होतं. प्रकरण मिटलं. माझी बदली होडीवरून भांडारात झाली. चाळण्या मोजायच्या, पिशव्या द्यायच्या, ग्रॅबला ग्रीस लावायचं. तीन वर्षं.

भांडारातून मी एकच उपद्रव केला. पुढच्या प्रत्येक पाहणीसाठी सामान मागायला आलेल्या तरुण इंजिनियरला विचारायचो, पावसाळ्यातली फेरी कधी आहे? नाही म्हणाला की मी पिशव्या द्यायला दोन दिवस लावायचो. सही राहिली, किल्ली सापडत नाही, उद्या या. माझ्याविरुद्ध तक्रारी झाल्या. पण एका खाडीच्या कामात वैतागून त्यांनी पावसाळ्याची फेरी खरोखर घातली. त्या बांधाला ठरल्यापेक्षा जास्त दारं ठेवली गेली, भरतीचं पाणी थोडं तरी आत-बाहेर जाईल अशी. एवढ्या नोकरीत माझ्यामुळं बदललेली ती एकच गोष्ट. आणि ती मी सामान अडवून केली, शास्त्र सांगून नव्हे. याचा अभिमान बाळगावा की चीड यावी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीनंतर बुलढाण्याला आलो. इथं हवा चांगली, खारं काही नाही. तरी ती खाडी मनातून जाईना. गेल्या हिवाळ्यात बायकोला म्हटलं, जाऊन येऊ. तिनं विचारलं, "कशाले?" म्हटलं, "एका बाईची माफी मागायची आहे." तिनं बॅग भरली. मलकापूरला जाऊन गाडी धरली.

खाडी ओळखू येईना. सात नंबरवर आता खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांचं दाट रान उभं आहे. होड्यांची वाट बुजली, म्हणून त्या दूर बाहेर नांगरतात. महादू वारला होता. शाळेच्या भिंतीला नवा रंग दिला आहे, त्यावर पाढे आहेत.

शेवंताबाई पडवीत बसली होती, डावा पाय लांब करून. म्हातारी झाली होती. मला लगेच ओळखलं. "चिखलवालं सायब," ती सुनेला म्हणाली, "आन ही त्यांची बायको असंल. तांदूळ टाक गो." मी माफीचं जे काही घोकून आलो होतो ते सुरू केलं. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि हात हलवला.

"ते ऱ्हाऊ दे. येक सांगा. बांध फोडला तर खाडी माघारी येल काय?"

तिच्या डोक्यावर, पडवीच्या वाशाला, तिसऱ्यांची टोपली आणि उकरायचं खुरपं टांगलेलं होतं. टोपलीला तेल लावलेलं दिसत होतं, ताजं. खुरप्याला गंज नव्हता. इतकी वर्षं कुणीतरी ते पुसत होतं.

मला अशा प्रश्नाचं उत्तर देण्याची पद्धत शिकवलेली आहे. परिस्थितीवर अवलंबून आहे. अधिक अभ्यास आवश्यक आहे. दोन्ही वाक्यं तोंडात तयार होती. माझी बायको माझ्याकडं बघत होती.

"नाही, बाई," मी म्हणालो. "बांध फोडला तरी इतका गाळ हलायला फार काळ लागेल. वाळू आलीच तर तुमच्या नातवंडांना दिसेल. तुम्हाला नाही, मलाही नाही."

तिनं तिवरांकडं पाहिलं. मग म्हणाली, "येवडंच इचारत हुते मी सगल्यांना. कोन सांगत नवता." आणि घरात तोंड करून सुनेला हाक मारली, "सुने, ती टोपली काढ गो खाली. कोंबडीला अंड्यावर बसवायला व्हईल."

सून स्टुलावर चढली, टोपली काढली, खुरपं काढलं. खुरपं कुठं ठेवू, तिनं विचारलं. शेवंताबाई म्हणाली, "मिरचीच्या वाफ्यात."

मग आम्ही जेवलो.